दुहेरी टाक्याच्या शिड्या

९ जानेवारी २०१९

यास्ना आली. बरोबर तिचा मित्र इस्माएल. घोडेवाल्या बेलार्मिनोने दोन घोड्यांवर त्यांचं सामान लादून आणलं आणि फाटकातूनच ओरडला, "दोन्या ओंदिना, अहो बाई, तुमची पोरगी आली! आणि येताना अख्खं लोहाराचं दुकान घेऊन आली!"

माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. मला तिया म्हणते, म्हणजे मावशी, आणि माझ्या नवऱ्याला, एवाल्दोला, तिओ. सहा वर्षांची असताना माझ्याकडे आली आणि सान्तियागोला शिकायला जाईपर्यंत इथेच वाढली. या घराच्या मागच्या दगडावर एवाल्दोने तिला चढायला शिकवलं. आता पंचविशी उलटली आहे. हात पुरुषासारखे खरबरीत झालेत. मी तिचे हात हातात घेतले तर म्हणाली, "तिया, सोड, पीठ लागतंय." लागलंच होतं. मी पाव मळत होते.

आत आल्यावर ती आधी एवाल्दोच्या फोटोपुढे उभी राहिली. नेहमी राहते. फोटोत तो दोन्ही तळवे कॅमेऱ्याकडे करून उभा आहे, बोटं रक्ताळलेली, डोळे हसरे. खाली पितळी पट्टी: 'एवाल्दो बार्रिया. मोंहाचा कडा, फेब्रुवारी १९९२. फक्त हात आणि पाय.' त्या वाटेला त्याने नाव दिलं होतं 'स्वच्छ हात'. सत्तावीस वर्षांत पुन्हा कोणी ती वाट चढलेलं नाही. अकरा जोड्या आल्या, अकराही अर्ध्यातून परतल्या.

"यंदा मी," यास्ना फोटोला म्हणाली.

जेवताना इस्माएलने तीनदा पाव मागून घेतला. चांगला मुलगा आहे. कमी बोलतो आणि तिच्याकडे बघून मग बोलतो.

११ जानेवारी

दोन दिवस झाले, टेबल सामानाखाली गेलं आहे. एका बाजूला दोऱ्या आणि कपारीत अडकवायचे धातूचे तुकडे. दुसऱ्या बाजूला वेगळा ढीग: हातोडी, मेखा, आकडे, आणि पाय ठेवून उभं राहायच्या पट्ट्यांच्या शिड्या. या ढिगाला ते नुसतं 'लोखंड' म्हणतात. जिथे बोटांना धरायला काही नाही तिथे आकडा लावायचा, त्याला शिडी टांगायची, तिच्यावर उभं राहून पुढचा आकडा लावायचा. पूर्वी सगळे असंच चढायचे. हल्लीच्या मुलांना त्याची लाज वाटते.

आज त्यावरून भांडण झालं.

"चौदा किलो आहे," यास्ना म्हणाली. "चौदा किलो म्हणजे दोघांचं दोन दिवसांचं पाणी. लोखंड किंवा पाणी. सांग."

"थोडंसं नेऊ," इस्माएल म्हणाला. "दोन आकडे, एक शिडी. आडव्या टप्प्याच्या पुढे अडकलो तर?"

मोंहावर तोच टप्पा वाईट. अर्ध्या उंचीवर छपरासारखा पुढे आलेला दगड आहे, त्याच्या खालून आडवं सरकत डावीकडे जायचं. एकदा पलीकडे गेलं की परतीची वाट नाही. खालचा कडा आत गेलेला, त्यामुळे दोरी सोडली तर ती हवेत लोंबते. तिथून पुढे फक्त वर.

"लोखंड पिशवीत असलं की हात तिकडेच जातो," यास्ना म्हणाली. "पहिल्यांदा घाबरलास की काढशील. मग सगळी चढाई वाया. तिओ एकटा होता, नऊ दिवस, आणि फक्त हातांनी गेला. आपण दोघं आहोत."

"तुझा तिओ वेगळा होता."

"तू घाबरट आहेस असं म्हण ना सरळ."

इस्माएल हसला, पण कान लाल झाले. मग यास्ना माझ्याकडे वळली. "तिया, तूच सांग याला. तिओने लोखंड नेलं होतं का?"

मी ओट्यापाशी होते. गोळे करून फडक्याखाली ठेवत होते.

"नाही," मी म्हणाले.

"ऐकलंस?"

इस्माएलने ढीग उचलला आणि फळीवर नेऊन ठेवला. पावाचे गोळे सोळा व्हायला हवे होते, पंधराच झाले.

१२ जानेवारी

झोप आली नाही म्हणून पहाटे उठून चूल पेटवली.

मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. मी एवाल्दोचा शब्द पाळला. दोन्ही एक नाहीत. पण नीट लिहून काढलं तर बरं वाटेल.

ब्याण्णवच्या जानेवारीत त्याने मला घोड्याच्या पोटाला आवळायच्या तंगाची नायलॉनची पट्टी आणून दिली आणि म्हणाला, "ओंदी, शिड्या शिव. पाच पायऱ्यांच्या, दोन." मी याच टेबलावर मशीन ठेवून शिवल्या. मेणाचा दोरा, दुहेरी टाका. शाळेतल्या नन, मादरे वाल्बुर्गा, यांनी शिकवलेला. कापडाची उलटी बाजू सुलटीइतकीच नीट हवी, असं त्या म्हणायच्या, आणि उलटी बाजू वाकडी निघाली तर सगळं उसवायला लावायच्या. त्या शिड्या दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत. एक टाका चुकलेला नाही.

आडव्या टप्प्याच्या वर नव्वद फूट दगड काचेसारखा आहे. तिथे एवाल्दोने हाताच्या छिन्नीने अकरा भोकं पाडली, त्यांत आकडे घातले आणि माझ्या शिड्यांवर उभा राहून वर गेला. खाली आला तेव्हा त्यानेच मला सांगितलं, लहान मुलासारखं, सगळं. दुसऱ्या दिवशी पुएर्तो मोन्तहून पत्रकार आला. त्याने विचारलं, "फक्त हातांनी?" आणि एवाल्दो हसला. नाही म्हणाला नाही, इतकंच. बाकी सगळं त्या पत्रकाराने लिहिलं. मग पितळी पट्टी आली, शाळेच्या सहली आल्या, मग उशीर झाला.

"कोणाला कळायची गरज नाही, ओंदी," तो मला म्हणाला होता. शेवटच्या दिवसांत, इस्पितळात, पुन्हा तेच म्हणाला.

मुलाखतीत तो नेहमी सांगायचा, "मी वर होतो तेव्हा माझी बायको खाली किटली तापवत होती." लोक हसायचे. मीही हसायचे. त्याचं सांगणंच असं गोड होतं.

१५ जानेवारी

यास्नाला सांगायचं ठरवून तीनदा तिच्या खोलीपर्यंत गेले. पहिल्यांदा ती झोपली होती. दुसऱ्यांदा इस्माएल होता. तिसऱ्यांदा ती एकटीच बसून बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती, आणि मान वर न करता म्हणाली, "तिया, मला आठवतंय, मी सात वर्षांची होते, मला भीती वाटत होती, आणि तिओ म्हणाला, बोटं खोटं बोलत नाहीत. ती सांगतील तेवढंच चढ. मी रोज ते आठवते."

मी तिला दुधाचा कप दिला आणि परत आले.

मग दुसरं सुचलं. माळ्यावरून पिठाच्या पोत्यात बांधलेल्या त्या शिड्या काढल्या, त्यांबरोबर चार आकडे. त्यांच्या मोठ्या पिशवीत, जी ते दोरीने मागोमाग वर ओढतात तिच्या तळाशी, पाण्याच्या कॅनखाली सरकवल्या. वर गेल्यावर सापडतील. सापडल्या की कळेल. आणि तेव्हा मी समोर नसेन.

१६ जानेवारी

सकाळी बेलार्मिनो घोडी घेऊन आला. सामान कड्याच्या पायथ्याशी पोचवायचं होतं. आमच्याकडे घोड्याच्या दोन्ही अंगांना सारखं वजन लागतं, नाहीतर चिखलाच्या घळीत जनावर कोलमडतं. म्हणून बेलार्मिनो आधी दोन्ही ओझी काट्याला लावतो, आणि मग ज्याचं सामान त्याला दोन्ही हातांनी उचलून बघायला लावतो. त्याच्या बापाचीही हीच रीत होती.

घोडीच्या खुरात खडा अडकला होता. त्याने इस्माएलच्या कमरेची उकरणी मागून घेतली. कपारीत रुतलेले तुकडे उपसून काढायची पातळ पोलादी पट्टी, टोकाला चोचीसारखी वाकलेली. दोघांकडे एकेक असते. एका झटक्यात खडा काढून तो म्हणाला, "हे बरं हत्यार आहे. तुमच्या त्या दगडावर फुकट घालवता."

मग मुलं बूट घालायला आत गेली आणि त्याने पिशवी काट्याला लावली.

"डावी बाजू चार किलो जड आहे, दोन्या."

"उजवीकडे दगड टाका."

"दगड टाकीन. पण पोरगी उचलून बघेल तेव्हा विचारेल, कालपेक्षा जड कशी?"

त्याने हात घालून तळ चाचपला आणि पोतं बाहेर काढलं. उघडलं नाही. वरूनच बोटांनी दाबून पाहिलं.

"हे आकडे माझ्या बापाच्या भट्टीत ठोकलेत," तो म्हणाला. "नालेचं लोखंड आहे. मी भाता ओढत होतो."

सत्तावीस वर्षं हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात, त्या फोटोखाली बसून येर्बाचा चहा पितो आहे.

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत, मग मी कोण बोलणार?" त्याने पोतं माझ्यापुढे धरलं. "सांगा तिला. आत्ता. तुम्ही सांगा, मी बांधतो. चोरून नाही बांधणार. पायथ्याला ती पिशवी उपसून पुन्हा भरेल, हे तिच्या हाताला लागेल, आणि काय आहे, कशासाठी आहे, न कळता झुडपात फेकेल."

तेवढ्यात यास्ना बाहेर आली. "झालं का रे तुमचं? दोन म्हातारे काय कुजबुजताय? लग्न ठरवताय का?"

बेलार्मिनो माझ्याकडे बघत राहिला. मी पोतं पोटाशी धरलं.

"पाव राहिला होता," मी म्हणाले. "तो आणते."

आत जाऊन पोतं ठेवलं आणि पाव आणला. यास्नाने दोन्ही ओझी उचलून बघितली. "बरोबर," ती म्हणाली. बेलार्मिनोने गाठी मारल्या, आणि जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ जानेवारी

रोज सकाळ-संध्याकाळ सात वाजता यास्ना रेडिओवर बोलते. खोऱ्यात एकच वाहिनी आहे, त्यामुळे सगळे ऐकतात: बेलार्मिनो, शाळेच्या बाई, नदीपलीकडचे लोक. आज ती म्हणाली, "कडा गरम आहे, बोटं शाबूत आहेत, इस्माएल घोरतो." कोणीतरी मध्येच बटण दाबून म्हणालं, "त्याच्या तोंडात पाव कोंब!"

मी बॅटरी दिवसभर पत्र्यावरच्या सौर पट्टीला लावून पूर्ण भरून ठेवली. हिरवा दिवा. दुसरीही भरली आहे.

२० जानेवारी

सकाळपासून गोमाश्या नाहीत. जानेवारीत दारात उभं राहवत नाही इतक्या असतात, आणि आज एकही नाही. पाऊस येतो आहे, मोठा.

संध्याकाळी सात. "तिया, आकाश कसं दिसतंय?"

"गोमाश्या नाहीत."

इथे वाढलेली मुलगी, तिला वेगळं सांगावं लागत नाही. "म्हणजे उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. दोन पर्याय. उद्या इथून खाली यायचं, नाहीतर पहाटे निघून आडवा टप्पा ओलांडायचा. पलीकडे नव्वद फुटांवर तिओची कोरडी गुहा आहे ना? तिथे बसून पाऊस काढता येईल. आहे ना गुहा?"

"आहे," मी म्हणाले. गुहा खरंच आहे.

"इस्माएल म्हणतो खाली जाऊ."

"त्याचं ऐक, यास्ना."

"का?"

मी रेडिओ धरून उभी होते. अख्खं खोरं ऐकत होतं.

"ओलं होईल," मी म्हणाले.

ती हसली. "तिया, तिओने काय फक्त उन्हात चढाई केली? जातो आम्ही. नव्वद फूट म्हणजे तासाभराचं काम."

जपमाळेवर रोझारी दोनदा म्हटली. मध्येच मोजणी चुकली.

२१ जानेवारी

दुपारी तीनला पाऊस आला. कडा दिसेनासा झाला.

सात वाजता यास्नाचा आवाज आला, दातांवर दात आपटत होते. आडवा टप्पा झाला. हातभर रुंदीच्या कंगोऱ्यावर दोघं उभे आहेत. वरून पाणी अंगावर येतंय, तंबू लावायला जागा नाही.

"तिया, इथे धरायला काही नाही. काहीच नाही. दगड काचेसारखा आहे. तिओ इथून कसा गेला? आणि इथे भोकं आहेत. तीन दिसतात. करंगळी जाईल एवढी, एकावर एक. कोणीतरी पाडलेली आहेत. इथे कोण आलं होतं, तिया?"

तेवढ्यात बॅटरी संपली. ओलसर हवेत असं होतं.

अजून अडीच तास उजेड होता. मी चूल सारवली, आजच सारवायला हवी होती असं नाही. सेंट रीटापुढे मेणबत्ती लावली. बेलार्मिनो दार वाजवत होता, पण पावसात मला आधी ऐकू आलं नाही, आणि उघडेपर्यंत तो गेला होता.

२२ जानेवारी

क्रमाने लिहिते.

सात वाजता रेडिओ लावला, तो चालू झाला. यास्ना आधीच हाका मारत होती. आवाज बसलेला.

उजाडल्यावर इस्माएल म्हणाला होता, "तुझा तिओ गेला, म्हणजे वाट आहे. आपल्याला दिसत नाही इतकंच." आणि तो ओल्या दगडावर हातांनी चढायला लागला. पंधरा फुटांवरून सुटला. दोरीने धरलं, पण झोका घेऊन कपारीच्या कडेवर आपटला. गुडघा. पाय नको त्या दिशेला वळला आहे. तो शुद्धीवर आहे आणि काही बोलत नाही, ती म्हणाली, आणि मग माझ्याशी नाही, वाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "खाली जाता येत नाही. वर जाता येत नाही."

मी फोटो भिंतीवरून उतरवला. चौकटीच्या मागचा पुठ्ठा सुरीने उचकटला. एवाल्दोच्या वहीचं पान तिथे आहे, हे मला ब्याण्णवपासून माहीत होतं, कारण ते तिथे मीच ठेवलं होतं. अकरा टिंबं, आणि प्रत्येकाशेजारी त्याचं बारीक अक्षर.

"यास्ना, दोघांच्या उकरण्या आहेत?"

"काय?"

"उकरण्या. दोन्ही आहेत का?"

"आहेत. तिया, तू काय..."

"त्यांची टोकं वाकलेली आहेत. तेच आकडे समज. पहिल्या भोकात एक घाल. भोकं आतून खाली उतरती आहेत, टोक बसेल. खाली ओढायचं, बाहेर नाही. बाहेर ओढलंस तर निघेल. आकड्यासमोर तोंड धरू नकोस. जवळच्या पट्ट्यांना गाठी मारून शिड्या कर, दोन. पायऱ्या दीड-दीड वितीवर, पाच. एकीवर उभी राहा आणि दुसरी पुढच्या भोकात लाव."

मी पान खिडकीच्या उजेडात धरलं.

"तीनच भोकं आहेत," ती म्हणाली.

"अकरा आहेत. बाकीची शेवाळाने बुजली असतील. माझ्याकडे कागद आहे."

"तुझ्याकडे कुठून आला?"

"तुझ्या तिओने काढलेला आहे. भोकं त्यानेच पाडली. शिड्या मी शिवल्या."

खोऱ्यात कोणीतरी बटण दाबलं, श्वास ऐकू आला, आणि बटण सुटलं.

मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. मी त्याची वाट बघत होते. ती कोरड्या आवाजात म्हणाली:

"चौथं कुठे आहे?"

"तिसऱ्याच्या डावीकडे एक हात, काळा ओघळ आहे त्याच्या काठावर. खरवड, सापडेल."

"सापडलं. पाचवं?"

"सरळ वर. हात पूर्ण ताणून."

असं चार तास. "सातवं?" "दोन बोटं उजवीकडे, दगडाला उंचवटा आहे, त्याच्या खाली." नववं सापडेना. एवाल्दोने शेजारी लिहिलं होतं, 'छिन्नी मोडली, भोक उथळ.' मी ते वाचून दाखवलं. "उथळ म्हणजे किती?" "लिहिलेलं नाही." "तो उभा राहिला होता ना त्याच्यावर?" "राहिला होता." "तुला नक्की माहीत आहे, की हेही तू नुसतं म्हणतेस?"

"नक्की माहीत आहे," मी म्हणाले.

ती उभी राहिली.

अकराव्यानंतर म्हणाली, "पोचले." बाकी काही नाही. मग दोरी खाली सोडून तिने इस्माएलला तासभर ओढून गुहेत घेतलं. तो एकदाच ओरडला, रेडिओवर ऐकू आलं, कारण तिचं बटण चुकून दाबलेलं राहिलं होतं.

तिने आभार मानले नाहीत. थकली असेल.

२४ जानेवारी

बेलार्मिनो आणि सहा जण मागच्या धारेने माथ्यावर गेले आणि वरून दोऱ्या सोडल्या. इस्माएलला हेलिकॉप्टरने पुएर्तो मोन्तला नेलं. यास्ना त्याच्याबरोबर गेली. इथूनच वरून गेलं हेलिकॉप्टर. मी अंगणात उभी राहून हात हलवला.

पाऊस थांबलेला नाही.

२७ जानेवारी

शाळेच्या बाईंचा निरोप आला: सोमवारची सहल इथे येणार नाही, नदीकाठी नेतील. या आठवड्यात येर्बा प्यायला कोणी आलं नाही. आज संध्याकाळी फक्त बेलार्मिनो आला, आणि बसला, आणि भिंतीवरचा मोकळा चौकोन बघत राहिला. तिथे लाकूड अजून फिकट आहे.

"परत लावणार आहात का?" त्याने विचारलं.

"काच पुसायची आहे," मी म्हणाले.

त्याने येर्बाचं भांडं रिकामं केलं आणि उपडं ठेवलं. "एकवीस तारखेला मी दार वाजवलं होतं, दोन्या."

"पाऊस होता, बेलार्मिनो."

"हो. पाऊस होता."

२९ जानेवारी

यास्ना आली, एकटी, पायी. सामान न्यायला. मी कोंबडीचा रस्सा केला होता, तिने उभ्याउभ्याच थोडा घेतला.

"इस्माएल कसा आहे?"

"पाय वाचला. गुडघा नाही वाचला. सळ्या घातल्यात." मग म्हणाली, "त्याला काय म्हणाले मी, आठवतं ना? घाबरट."

"तू काय करणार त्यात, पोरी."

"मी नाही. मला कळलं असतं तर मी चौदा किलो नेलं असतं. मला कळलं असतं तर आम्ही वीस तारखेलाच खाली आलो असतो. एकवीसला संध्याकाळी कळलं असतं तरी अडीच तास उजेड होता, तिया. तेव्हा त्याचे दोन्ही पाय धड होते."

"एकवीसला बॅटरीने दगा दिला," मी म्हणाले.

रेडिओ फळीवर होता, बावीस तारखेला ठेवला तसाच. तिने तो उचलला, बाजू फिरवून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. बॅटरी अजून भरलेली.

"नंतर उन्हात लावली होती," मी म्हणाले.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. एकवीस तारखेपासून इथे ऊन पडलेलं नाही. तिने बटण बंद केलं आणि रेडिओ हळूच जिथल्या तिथे ठेवला, काचेचा असावा तसा.

३० जानेवारी

सकाळी ती निघाली. बेलार्मिनो घोडा घेऊन फाटकात उभा होता. मला वाटलं होतं तशीच जाईल, पण दारातून परत आली.

"त्या शिड्या अजून आहेत?"

"आहेत."

"दाखव."

मी पोतं आणून टेबलावर सोडलं. इतक्या वर्षांनीही नायलॉन कुजलेलं नाही, मेणाचा वास येतो. तिने दोन्ही शिड्या उजेडात लांब पसरल्या आणि पायऱ्या मोजल्या, पाच आणि पाच. चौथ्या पायरीवर एवाल्दोच्या बुटाचा डाग आहे, तो तिने बोटाने चोळून बघितला. मग फोन काढून फोटो घेतले. आधी पूर्ण शिड्यांचे, मग आकड्यांचे, मग वहीच्या त्या पानाचे, पानावरच्या तारखेचे. शेवटी अगदी जवळून, शिवणीचे. पट्टी उलटी करून मागच्या बाजूचेही.

"तू शिवल्यास," ती म्हणाली. "हाताने?"

"जाड ठिकाणी हाताने. बाकी मशीनवर. दुहेरी टाका आहे, बघ, मागूनही सारखाच दिसतो."

"दिसतोय," ती म्हणाली. "मी या घेऊन जाते. सान्तियागोला गिर्यारोहकांच्या क्लबमध्ये दाखवायच्या आहेत. पानही."

मी चटकन स्वच्छ फडकं काढलं, शिड्या नीट घडी घालून त्यात बांधल्या, वर गाठ मारली. तिने गाठोडं घोड्याच्या उजव्या बाजूला दिलं. बेलार्मिनोने काटा लावला, आणि काही न बोलता डावीकडे एक दगड टाकला.

ती वळणापर्यंत गेली तोवर मी फाटकात होते. तिने मागे पाहिलं नाही, वाट निसरडी आहे, पायाकडे बघावं लागतं.

मन भरून आलं आहे. एवाल्दोचे फोटो किती जणांनी काढले, त्याला गणती नाही. माझी शिवण आज पहिल्यांदा कोणीतरी उलटसुलट करून पाहिली.